फोनवरचा हुकूम

कोअर कमांडरची जीप डिझेल डेपोच्या फाटकातून आत आली, तेव्हा जनरल खिडकीशीच उभे होते. जीपमागे सात ट्रक, सगळ्यांवर ताडपत्र्या. दुपारचे तीन वाजले होते आणि शत्रूच्या तोफा सकाळपेक्षा बऱ्याच जवळून ऐकू येत होत्या.

चार महिन्यांपूर्वी जनरलच्या हाताखाली अख्खी डिव्हिजन होती, बारा हजार माणसं. आता एक कारकून, सहा पंपवाले आणि ओळीनं मांडलेली डिझेलची पिंपं.

तेव्हाचे त्यांचे वरिष्ठ, कोअर कमांडर, आत आले. बूट चिखलानं भरलेले, दाढी वाढलेली, टोपीचा पत्ता नाही. या माणसाला असं बघायला जनरल इतके दिवस टपून होते, की आता त्यांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं.

"सातही गाड्या भरून द्या, ताबडतोब. पाच वाजता आपलेच लोक मागचा पूल उडवणार आहेत. त्याआधी पलीकडे जायचंय."

"देतो की. आधी एक कागद लिहून द्या."

"मागणीचा ना? माझा अधिकारी देईल."

"त्याच्या अक्षरातला नको. तुमच्या." जनरलनी खुर्ची ओढून दिली, पुढ्यात कोरा कागद ठेवला. "लिहा. नदी ओलांडायचा हुकूम मी फोनवरून दिला. पुलाचं सामान आलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. डिव्हिजन कमांडरनं एक दिवस मागितला. तो मी दिला नाही."

कोअर कमांडर त्यांच्याकडे बघतच राहिले. "डोकं फिरलंय का तुमचं? ही काय वेळ आहे?"

"चौकशीत तुम्ही म्हणालात, असा हुकूम मी दिलाच नव्हता, हा माणूस आपल्या मनानं गेला. माझी नऊशे माणसं पाण्यात गेली आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं. आज माझी बायको दुकानात गेली तर बायका रांग सोडून लांब उभ्या राहतात."

"मागे ट्रकमध्ये जखमी आहेत. चाळीस जण. ताडपत्रीखाली उकडून निघालेत बिचारे."

"त्या दिवशीही होते. पाण्यात."

जवळच कुठेतरी गोळा पडला. तावदानं थरथरली. कारकून दाराशी येऊन घुटमळला, "साहेब, निदान दोन गाड्या तरी..." जनरलनी हातानंच त्याला गप्प केलं.

कोअर कमांडर खुर्चीत बसले. लिहू लागले. दुसऱ्या वाक्याशी पेन अडलं.

"'ठाऊक होतं' नको. 'कल्पना होती' असं लिहितो."

"ठाऊक होतं."

त्यांनी लिहिलं. घाईत तारीख चुकली, ती खोडून पुन्हा घातली. जनरलनी कागद उचलला, सावकाश वाचला आणि फाडून टाकला.

"खाडाखोड चालायची नाही. नवा घ्या."

"अहो, माणसं मरताहेत बाहेर!"

"मग जरा भरभर लिहा."

दुसरा कागद पुरा झाला. कारकुनाला बोलावून जनरलनी त्याची साक्षीदार म्हणून सही घेतली, वर डेपोचा शिक्का मारायला लावला. शाई वाळेपर्यंत वाट पाहिली. मग कागदाची नीट घडी करून खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. तोवर पावणेचार झाले होते.

"झालं समाधान?" कोअर कमांडरनी उठता उठता विचारलं.

"झालं," जनरल म्हणाले. आणि ते खरंच होतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना छातीभर श्वास घेता आला.

पंपवाल्यांना हाका मारत ते स्वतः बाहेर आले. भराभर पिंपं गडगडत आली, हातपंप चालू झाले. एक-एक गाडी भरून घेत जनरल शेवटच्या ट्रकपाशी पोचले. मागची ताडपत्री वर केलेली होती. आत स्ट्रेचर एकमेकांना खेटून ठेवले होते. परिचारक एका पोरसवदा शिपायाच्या तोंडावर ब्लँकेट ओढत होता.

"कधी गेला?" जनरलनी विचारलं.

"आत्ताच. दहाएक मिनिटं झाली असतील." परिचारकानं वर पाहिलंही नाही.

शेजारी एक हवालदार फळीला टेकून ग्लानीत बसला होता. डोळ्यांवर जाड पट्टी. आवाजानं तो भानावर आला आणि त्यानं मान वळवली.

"साहेब? आपल्या डिव्हिजनचे साहेब ना?"

"हो," जनरल म्हणाले.

"मी सिग्नलचा, साहेब. त्या दिवशी तुम्हाला फोन मीच जोडून दिला होता. एका दिवसासाठी किती भांडलात तुम्ही, सगळं कानांनी ऐकलंय. चौकशीत मला कुणी बोलावलं नाही. पण आपल्या पोरांत एकालाही सांगायचं ठेवलं नाही मी. सगळ्यांना ठाऊक आहे, साहेब."

जनरलचा हात खिशाच्या बटणावर गेला.

हवालदारानं चाचपडत शेजारच्या ब्लँकेटवर हात ठेवला आणि हलकेच थोपटलं.

"ऐकलंस का रे? आपले साहेब आहेत इथं. आता खोळंबा व्हायचा नाही."