भट्टीवाल्याचा जावई

“पुढचं कार्ड,” अप्पा म्हणाले.

जावयाने कार्ड उचललं, पण वाचलं नाही. त्यावरचा कायदा रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातला, अक्षर त्याचं स्वतःचं. शहराला पाव पुरवणाऱ्या भट्टीवाल्याच्या मुलीशी जो लग्न करील, त्याने आयुष्यभर सासऱ्याची भट्टी चालवावी. मागे हे उतरवून घेतलं तेव्हा त्याला गंमत वाटली होती. बायकोला वाचून दाखवून दोघं पोट धरधरून हसली होती. आज ते मोठ्याने वाचवेना.

अप्पांचा ग्रंथ म्हणजे मारुतीचं शेपूट. त्या काळात कोण कशाला बांधलेला होता, याची हकीकत खंडामागून खंड चालली होती. कूळ जमिनीला, शिपायाचा मुलगा सैन्याला, भट्टीवाला भट्टीला. जावई या खोलीत आला तो विद्यार्थी म्हणून. मग अप्पांच्या मुलीशी लग्न झालं, मग त्यांचे डोळे गेले, आणि तो त्यांना वाचून दाखवायला बसला तो बसलाच.

आता बायकोला दूरच्या गावी नोकरी लागली होती. कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत, रंग पक्का आहे की धुण्यात जातो ते तपासायची. दोघांनी जायचं ठरवलं होतं. गिरणीला आज कळवायचं होतं आणि त्याआधी अप्पांना सांगायचं होतं. “मी सांगतो, तू काळजी करू नकोस,” असं जावईच म्हणाला होता. आणि सकाळपासून तोच मिठाची गुळणी धरून बसला होता.

“झोप लागली काय रे?”

“नाही अप्पा. म्हटलं, समजा त्या जावयाला भट्टीवर काम करायचंच नसेल तर?”

अप्पा एकदम खुलले. असा प्रश्न म्हणजे त्यांना मेजवानी.

“पळायचे की! कुणी सरकारी नोकरीत घुसायचा, कुणी चर्चमध्ये जाऊन पाद्री व्हायचा. तिथून धरून आणायचे. बायकोचं सगळं उडवून कफल्लक झाला तरी सुटका नाही. एकदा भट्टी गळ्यात पडली की पडली.”

“दुष्टपणाच म्हणायचा.”

“दुष्टपणा कसला? सम्राट घाबरलेला होता बिचारा. एवढं शहर, त्याला रोज पाव हवा. एक भट्टी विझली तर उद्या काय, या धास्तीने त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसेल.”

बायको चहा घेऊन आली. तिने अप्पांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली आणि नवऱ्याकडे बघितलं. आता मात्र पळवाट उरली नव्हती.

“अप्पा, हिला नोकरी लागलीय,” त्याने एका दमात सांगून टाकलं. “लांब आहे. आम्ही दोघं जायचं म्हणतोय.”

अप्पांनी कप खाली ठेवला. तो बशीत धड बसला नाही, थोडा चहा सांडला.

“मग जा की,” ते म्हणाले. “मी काय तुमचा सम्राट आहे? चांगलं झालं हो पोरी.”

“तुम्हीही चला, अप्पा. गिरणी राहायला जागा देते. मोठी मागून घेऊ.”

“आणि ही कार्डांची कपाटं कुठे नेऊ? माझं मी बघेन. तुम्ही माझा घोर लावून घेऊ नका.”

बायकोचा चेहरा असा उजळला की जावयालाही हायसं वाटलं. इतकं सोपं होतं, आणि आपण उगाच बाऊ केला! ती फोन करायला गेली. फोन दाराबाहेरच, बोळात होता.

अप्पांनी टेबल चाचपून ते कार्ड घेतलं आणि नाकाशी नेलं. उलटं धरलं होतं. तरी ते खणखणीत आवाजात वाचू लागले.

“भट्टीवाल्याच्या मुलीशी जो लग्न करील, त्याच्या मुलाने...”

“मुलाने नाही, अप्पा. त्यानेच.”

जावयाच्या तोंडून निघूनच गेलं. अप्पांची कायद्यात कधी चूक होत नसे. झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगत.

“असं होय? बघ बाबा,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी कार्ड पुढे धरलं.

जावयाने ते घेतलं, सुलटं केलं. त्याला अप्पांची दया आली, स्वतःचा रागही आला, आणि तरीही तो खुर्ची पुढे ओढून बसला.

“हा खंड तेवढा पुरा करतो, अप्पा,” तो म्हणाला. “मग जाईन तिच्याकडे.”

अप्पांनी कार्डांचा पुढचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

बोळातलं बोलणं मध्येच थांबलं होतं. थोड्या वेळाने बायकोचा आवाज पुन्हा आला.

“हॅलो? हो, हो, ऐकतेय. येणार आहे ना, ठरल्याप्रमाणेच येतेय. नाही, मोठी जागा नको. एक खोली द्या. एका माणसापुरती.”