उजव्या कडेवर

दुकानातल्या पहिल्या गॅस-ग्रिलसमोर आल्यावर तिने बाळाला डाव्या कडेवरून उजव्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने बटण दाबून फिरवलं. काहीच झालं नाही.

"तसं नाही ताई. हे दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने हे लाल बटण दाबायचं. मग ठिणगी पडते," विक्रेता म्हणाला.

"दुसरा हात कुठून आणू?"

"बाळाला घटकाभर काकांकडे द्या की."

काका म्हणजे तिचे बाबा. ते दोन पावलं मागे उभे होते, उजवा हात स्वेटरच्या खिशात. सकाळी निघताना तो त्यांनी डाव्या हाताने उचलून खिशात ठेवला होता, आणि ठेवला तसाच तो अजून तिथे होता.

"पुढचं दाखवा," ती म्हणाली.

पुढचं देखणं होतं. तीन बर्नर, बाजूला लाकडी फळी, झाकणावर उष्णता दाखवणारा काटा. विक्रेता त्याच्याबद्दल नव्या जावयाबद्दल बोलावं तसं बोलत होता.

"सिलिंडर कसा लावायचा?"

"एकदम सोपं. एका हाताने सिलिंडर धरायचा, दुसऱ्याने ही चकती आवळायची."

"पुढचं."

"ताई, बघा तरी नीट. एकदा घेतलं की दहा वर्षं बघायला नको. तुम्हाला नक्की कशासाठी हवंय?"

"रविवारी हिचा वाढदिवस आहे. घरामागच्या अंगणात. वीसेक माणसं येतील. रांधणार बाबा."

"कुणी ठरवलं?" मागून आवाज आला.

"मी. सगळ्यांना सांगूनही झालं."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

बाबा जवळ आले. विक्रेत्याला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "माझा चमचा तोंडापर्यंत जाईतो अर्धा रिकामा होतो. दुखण्यातून उठल्यापासून चहासुद्धा केला नाही मी. वीस माणसांपुढे तमाशा करायचाय का माझा?"

"जहाजावर दोनशे माणसांचं रांधत होतात. तेव्हा म्हणायचात, त्यात काय, डाव्या हाताचा मळ."

"म्हणायचो. रांधायचो उजव्याने."

ती हसली. ते हसले नाहीत, पण पुन्हा मागेही गेले नाहीत.

तिसरं ग्रिल खालच्या फळीवर होतं, प्रवासाच्या पेटीएवढं. तिने डाव्या हाताने मूठ धरून ते बाहेर ओढलं, वर टेबलावर ठेवलं. एक खटका दाबला, चारही पाय उघडले. गॅसचा छोटा डबा खाचेत सरकवला, दांडी खाली ओढली, डबा घट्ट बसला. बाळाने तिचा कान धरून ओढला. तिने ओढू दिला. उजव्या कडेची सवय दोघींनाही नव्हती. बाळ घसरत होतं, ती ढोपर उचलून त्याला वर ढकलत होती.

मग झाकण तसंच बंद ठेवून तिने बटणाकडे हात नेला.

"आधी झाकण उघड."

"डबा रिकामा आहे काका," विक्रेता म्हणाला. "नुसता दाखवण्यासाठी ठेवलाय."

"बोटांना रिकामा-भरलेला कळत नाही. त्यांना एकदा जी सवय लागली ती लागली. बंद झाकणाखाली गॅस साठतो आणि मग भुवया राहत नाहीत."

लहानपणी हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं, की आत्ता झाकण उघडायला आपोआप निघालेला हात तिला मुद्दाम आवरावा लागला होता. ती बाजूला झाली.

"मग तुम्हीच दाखवा."

बाबांनी ग्रिलकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग तिच्या कडेवर वाकडंतिकडं लटकलेल्या नातीकडे.

"हिला तू नेहमी डाव्या कडेवर घेतेस."

"हो."

"मग आज?"

"आज ग्रिल घ्यायला आलोय."

डाव्या हाताने त्यांनी झाकण उघडलं, मागे टेकेपर्यंत नीट नेलं. बटणावर अंगठा ठेवला. पहिल्यांदा तो घसरला. विक्रेता पुढे झाला, तशी तिने नुसत्या नजरेने त्याला थांबवलं. दुसऱ्यांदा खट् झालं आणि जाळीखाली निळी ठिणगी पडली. बाळाने कान सोडला आणि टक लावून पाहिलं.

बाबांनी बटण बंद केलं. पुन्हा फिरवलं. खट्. मग पुन्हा एकदा, गरज नसताना.

"जाळी पातळ आहे," ते म्हणाले. "पण चालेल. दोनदा तापवून घेतली की चिकटणार नाही."

"हेच बांधून द्या," ती म्हणाली.

"चांगली निवड आहे ताई," विक्रेता म्हणाला. हे तो प्रत्येकाला म्हणत असणार. ड्रॉवरमधून त्याने लांब दांड्याचं एक उलथणं काढलं. "आणि यावर हे फुकट. घ्या काका."

बाबांनी ते घेतलं. डाव्या हातात तोललं. रिकाम्या जाळीवरून पुढून मागे फिरवलं, कशाखाली तरी सारलं, नसलेलं काहीतरी उलटलं. उलथण्याचं एकच टोक जाळीला लागत होतं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन धार पाहिली आणि विक्रेत्याला परत दिलं.

"हे तिरकं कापलेलं आहे. उजव्या हाताच्या माणसाचं," ते म्हणाले. "मला डाव्याचं दाखव."