केक कोण आणणार?

दिवा लाल झाला आणि प्रेबेननं हात वर केला.

“माझंच. उद्या केक आणतो.”

आपला नवा कोड पाठवून लिस्बेत नुकतीच कॉफीला उठली होती. तिनं उसासा दाबला. तिच्या सात जणांच्या वेबसाइट कंपनीत नियम साधा होता: ज्याच्या कोडमधल्या चुकीनं दिवा लाल होऊन सगळ्यांचं काम अडेल, त्यानं दुसऱ्या दिवशी केक आणायचा. गेलं वर्षभर केक प्रेबेनच आणत होता. त्याच्या हातच्यासारखा ब्रुन्सविगर, म्हणजे ब्राउन शुगरचा केक, स्वेन्डबोर्ग शहरातल्या एकाही बेकरीत मिळत नसे, पण ग्राहक काही केकवर खूश होणार नव्हते.

प्रेबेन साठीला टेकला होता. पाच वर्षांपूर्वी त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा लिस्बेतनंच त्याला कामावर घेतलं. माणूस काटेकोर. मग हल्लीच असा कसा घसरायला लागला, हे कोडं तिला सुटत नव्हतं.

जुनी यंत्रणा नुसता दिवा लाल करी. चूक कोणाची ते कपाटातल्या सर्व्हर मशीनमध्ये डोकं घालून शोधावं लागे, आणि ते मशीन प्रेबेनच्या ताब्यात होतं.

शेवटी लिस्बेतनं कोड तपासणारा नवा प्लॅटफॉर्म घ्यायचं ठरवलं. त्यात लाल खुणेशेजारी चूक करणाऱ्याचा फोटोच भिंतीवरच्या पडद्यावर झळकणार होता. जुन्या कामाची सगळी नोंदही तिकडे जाणार होती.

गंमत म्हणजे सगळेच कुरकुरले.

“आहे त्यात काय वाईट आहे?” प्रेबेन म्हणाला.

“तुला कसली भीती वाटते?”

“मला? छे.”

“फोटोबिटो कशाला,” तरणा आस्गर मध्येच बोलला. “केक मिळतोय ना आपल्याला!”

“तुझ्या पोटाला विचारून कंपनी चालवू का मी?”

आस्गर हसला, पण प्रेबेनकडे नजर जाताच आपल्या स्क्रीनकडे वळला.

म्हाताऱ्याला सांभाळून घेतायत सगळे, लिस्बेतच्या मनात आलं. तिला त्यांचं कौतुक वाटलं आणि रागही आला.

तिनं प्रेबेनला बाजूला घेतलं. “आता एकदा जरी असं झालं, तरी मला तुला काढावं लागेल. जिवावर येतंय रे, पण इलाज नाही.”

“कळतंय मला.” तो कपात चमचा फिरवत राहिला. “तू मात्र कोड लिहिणं सोडू नकोस. तुझा उत्साह बघून पोरं कामाला लागतात.”

“मी कशाला सोडू?”

“तेच म्हणतोय.”

सोमवारी सगळे नव्या प्लॅटफॉर्मवर आले. सकाळ सुरळीत गेली. दुपारी राय ब्रेडचे डबे आवरून लोक जागेवर बसले, आणि थोड्याच वेळात पडदा लाल झाला. शेजारच्या गोलात फोटो अजून यायचा होता.

“माझंच,” प्रेबेन लगेच म्हणाला. या वेळी त्याचा आवाज फाटला.

कोणी लिस्बेतकडे बघेना. आस्गर तर बुटांच्या नाड्या बांधत बसला होता.

मग फोटो आला.

लिस्बेतनं झडप घालून माउस घेतला. काहीतरी गोंधळ असणार. ती जुन्या नोंदी भराभर खाली सरकवत गेली, प्रेबेनच्या पांढऱ्या मिशा शोधत. वर्षभराच्या एकूण एक लाल खुणेशेजारी ती स्वतःच हसत होती.