बिबट्या जेरबंद

शाल्मलीनं वनखात्यासाठी बनवलेल्या, बिबट्याची खबर देणाऱ्या वेबसाइटच्या दोन प्रती घरी तिच्या लॅपटॉपवर उघड्या होत्या. एक चाचणीची, दुसरी खरी, तालुकाभर चालणारी. दिसायला अगदी जुळ्या. गंमत म्हणून तिनं चाचणीची समजून लिहिलं, "बिबट्या आमच्या स्वयंपाकघरात चहा पितोय," आणि बटण दाबलं. ते नेमकं खऱ्या साइटवर गेलं.

पाच मिनिटांत तालुक्यातल्या शाळांनी पोरांना आत घेऊन कुलपं लावली. अर्ध्या तासात वनरक्षक गवारी पिंजरा घेऊन दारात हजर. आईनं दार उघडलं.

"काका, बिबट्या नाहीये हो. माझीच चूक झाली," शाल्मली रडकुंडीला आली.

"दिसतंय की, ताई. पण खबर मिटल्याशिवाय शाळा उघडत नाहीत, आणि पिंजरा भरल्याचा फोटो चढवल्याशिवाय खबर मिटत नाही. असला नियम घातला कुणी?"

शाल्मलीनं मान खाली घातली. कुणी खोटं बोलू नये म्हणून तो तिनंच घातला होता. बदलायला वनखात्याच्या साहेबांची परवानगी लागायची, आणि साहेब सोमवारपर्यंत रजेवर होते. तिकडे पोरं भुकेनं रडत होती.

शेवटी ठिपक्यांची चादर पांघरून ती पिंजऱ्यात शिरली. गवारींनी फोटो चढवला. घरोघरी मोबाइल वाजले, 'बिबट्या जेरबंद!' शाळांची कुलपं निघाली. शाल्मलीला हायसं वाटलं.

ती बाहेर निघणार, तोच गवारींनी पिंजऱ्याचं दार हळूच लोटलं.

"ताई, जरा थांबा. साइट जंगलात सोडल्याचापण फोटो मागतेय."

आईनं शाल्मलीचा डबा भरायला घेतला.