सागावरच्या टाचा

पंडित मिस्तरीने रंध्याचं पातं अंगठ्यावर पारखलं आणि तो ओट्यावरच्या तखतावर वाकला.

"हाई लाकूडले कीड लागेल शे, आपा. बठ्ठी भोकंच भोकं. रंधा मारना पडी."

चहा घेऊन आलेली रईसाआपा दारातच थबकली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण तिच्या हातून चहाचा थेंब कधी बशीत सांडला नव्हता. आज सांडला.

"मार, मार," तिचा मुलगा शेहजाद म्हणाला. "रविवारी माहेनूरचा निकाह. तखत तिच्यासोबत धुळ्याला जातंय. तिकडची माणसं म्हणायला नकोत, जळगाववाल्यांनी किडकं सामान गळ्यात मारलं."

लेकीच्या बापाला एवढी काळजी असायचीच. आणि त्या बारक्या गोल खड्ड्यांबद्दल कुणी विचारलं, तर 'जुन्या खिळ्यांच्या खुणा आहेत' असं आजवर रईसाआपाच सांगत आली होती. तेव्हा चूक कुणाची म्हणायची?

पंडितने रंधा फळीवर टेकवला.

"हात काढ!"

रईसाआपाचा आवाज असा निघाला की आतून माहेनूर पळत आली. लग्नाच्या सँडल पायात घालून बघत होती, एक तशीच पायात राहिली. दादीने ओट्याच्या कोपऱ्यातल्या केरसुणीची एक काडी मोडली आणि पंडितच्या हातात दिली.

"घाल भोकात."

पंडितने घातली. काडी टेकली आणि तिथेच अडली. दुसऱ्या भोकात तेच, तिसऱ्यात तेच.

"कीड असती तर काडी आत गेली असती. किडा आत पोखरतो. बाई वरच्यावर नाचते."

"कोन बाई?"

"मुंबईच्या मेमसाहेब. उंच टाचांच्या. हे तखत नंतर झालं रे, आधी ही सागाच्या फळ्यांची जमीन होती. क्लबातली, नाचायची. माझ्या अब्बांनी, नजीर मिस्तरींनी घातलेली."

पंडितचे डोळे मोठे झाले. "क्लब? म्हंजे पत्तास्ना?"

"पत्त्यांचा नाही रे बाबा!"

बघा, याच एका शब्दापायी बाईने साठ वर्षं तोंड शिवून घेतलं होतं. आपल्याकडे क्लब म्हटलं की पत्ते, नाहीतर पोलिसांची धाड. क्लबवाल्याची पोरगी म्हणून घ्यायची तिला लाज वाटायची. आज अब्बांचं काम डोळ्यांदेखत भुगा होऊन उडायची वेळ आली, तेव्हा लाज गेली उडत.

ती आत गेली आणि बिस्किटांचा गंजका डबा घेऊन आली. त्यात क्लबची एक रिकामी काडेपेटी होती, वर चंद्र आणि ट्रम्पेट छापलेली. आणि एक फोटो होता. सुटाबुटातले साहेब, फुगीर झग्यांतल्या बायका, मागे वाजवणारे, सगळे ऐन नाचात.

"यात तुझे अब्बा कुठे आहेत?" माहेनूरने विचारलं.

"अब्बा फोटो दाखवायचे ना, तेव्हा माणसांवर पंजा झाकायचे. खालची नुसती जमीन दाखवायचे. म्हणायचे, देख बेटा, जोड दिखता क्या?"

तिघांनी फोटोत डोकी घातली. जोड दिसत नव्हता.

"पण ते स्वतः?"

"अगं, अख्ख्या फोटोच्या खाली तेच आहेत. हे सगळे त्यांच्यावरच तर उभे आहेत! क्लब बंद पडला, नवा मालक फळ्या उखडून फरशी घालायला निघाला. अब्बांनी मिळाल्या तेवढ्या फळ्या मालगाडीने घरी आणल्या आणि हे तखत केलं. म्हणाले, माझं काम मी रस्त्यावर टाकणार नाही."

शेहजादचा चेहरा उतरला होता. "अम्मी, याच तखतावर बसून तू गल्लीभरच्या पोरींना कुराण शिकवलंस."

"शिकवलं. तीस वर्षं शिकवलं. एकदा तरी करकरलं का?"

कधीच नाही, हे शेहजादला ठाऊक होतं. तो स्वतः याच्यावर उड्या मारून मोठा झाला होता.

पंडित मात्र गुडघ्यांवर बसला. डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख या फळीवरून त्या फळीवर आडवं ओढत नेलं. पुन्हा मागे आणलं. मग त्याने रंधा उचलून पिशवीत टाकला.

"जोड सापडत नही, आपा," तो म्हणाला. "याले मी काय रंधा मारू? नुसतं तेल लावस."

 रईसाआपाला साठ वर्षांत अब्बांचं कौतुक करणारं पहिलं माणूस भेटलं होतं, आणि तेही मिस्तरी.

"दादी, धुळ्यात कुणी विचारलं तर काय सांगू?"

"खरं सांग. मान वर करून सांग. माझ्यासारखी खाली घालू नकोस." म्हातारीने नातीच्या पायांकडे पाहिलं. "दुसरी सँडल कुठाय? घाल. आणि चढ वर."

"अम्मी, नवी खूण पडेल!" शेहजाद म्हणाला.

"पडू दे."

माहेनूर दादीच्या खांद्यावर हात ठेवून चढली. हसू दाबत तिने एक पाय उचलला आणि टाच आपटली. शेहजाद आणि पंडित खूण बघायला वाकले. रईसाआपा वाकली नाही. तिने कान तखताकडे केला होता.

"करकरलं?"

"नाही, दादी."

"मग नाच की!"