ओपलच्या नावाचा चमचा

कोळंबीची ताटली टेबलावर आली आणि ग्लेंडाने सवयीने प्लास्टिकच्या सुरीने सहा वाटे घातले. मग तिच्या लक्षात आलं. तिने सहावा वाटा बाकीच्या पाचांत ढकलला.

शरदातला हा खाद्यमेळा म्हणजे या मंडळींचा वर्षाचा सण. सगळे पेन्शनीतले, फ्लोरिडात येऊन राहिलेले, सगळ्यांकडे या मनोरंजन उद्यानाचे वर्षभराचे पास. सुरुवात खाण्याच्या कुठल्या खिडकीपासून करायची, रांगेत कोण उभं राहणार, सावलीतलं टेबल कोण अडवणार, हे ग्लेंडा कितीतरी आधी ठरवून ठेवायची. खाताना कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम बोटं वर करायची, दहापैकी जितके गुण तितकी. मग बोलायचं ते व्हर्ननने. ओहायोत उभा जन्म खानावळ चालवलेला माणूस. तो बोलायचा आणि ग्लेंडा ते जसंच्या तसं इंटरनेटवर टाकायची. लोक ते वाचून रांगा लावायचे.

"थांबा, आधी हे," रस्टी म्हणाला. पिशवीतून त्याने हातभर लांब लाकडी चमचा काढला, लाल फितीत ओवलेला. त्यावर रंगाने लिहिलं होतं, 'ओपलच्या स्मरणार्थ'. "ज्याचे गुण व्हर्ननच्या गुणांपासून सगळ्यात लांब, त्याने हा दिवसभर गळ्यात मिरवायचा. आपल्या ओपलसाठी!"

सगळे हसले आणि हसता हसता ग्लेंडाचे डोळे भरून आले. ओपल म्हणजे व्हर्ननची बायको, मार्चमध्ये गेली. बाई लाखात एक, पण चवीच्या नावाने आनंदीआनंद. व्हर्ननने चार दिले की हिची नऊ बोटं वर, त्याने नऊ दिले की हिची तीन. "हिला पुठ्ठा तळून द्या, चाटूनपुसून खाईल," असं रस्टी तिच्या तोंडावर म्हणायचा. त्यावर सगळ्यात मोठ्याने हसायची ती ओपलच.

"तिला आवडलं असतं, नाही रे?" रस्टीने विचारलं. त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं.

व्हर्ननने मान हलवली आणि कोळंबी तोंडात टाकली. खालचा मक्याचा सांजाही घेतला. गरम होतं, मऊ होतं. त्यापलीकडे काही नाही.

"एक, दोन, तीन!"

चौघांची बोटं वर गेली. व्हर्ननचे हात टेबलाखालीच राहिले.

"अरे, झोपलास की काय?"

"मला चव लागत नाही," व्हर्नन म्हणाला.

"कशी लागेल? सांज्यात मीठच नाही टाकलंय लेकाच्यांनी."

"सांज्याची नाही रे. कशाचीच लागत नाही. घशाच्या कॅन्सरवर किरणं दिली ना, तेव्हापासून." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "गुण ओपल द्यायची. खाऊन झालं की टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर बोट टेकवायची. जितके गुण तितक्यांदा. मी तेवढी बोटं वर करायचो. आणि ती स्वतः मुद्दाम भलताच आकडा दाखवायची, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून."

रस्टीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बायको गेली म्हणून सगळं तिच्या पदरात टाकतोयस. कळतं रे आम्हाला. पण तू बोलायचास ना, इथे धूर लागला, तिथे जायफळ जास्त झालं, ते काय गुडघ्यातून वर यायचं?"

व्हर्ननला राग आला. इतका राग त्याला तिच्या दफनाच्या दिवशी देवाचाही आला नव्हता. त्याने ट्रेमधल्या मिठाच्या पुड्या ओढल्या, एकेक फाडून आपल्या वाट्यावर उपडी केली. सांजा पांढराफटक झाला. मग दहीभात खावा तसा त्याने तो शांतपणे, घास घास घेऊन, सगळा खाऊन टाकला. तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही.

रस्टीने चमचा उचलला आणि पिशवीत तळाशी कोंबला. "अरे देवा, मी तिला काय काय बोललो रे!"

"ती हसण्यावारी न्यायची," व्हर्नन म्हणाला. ते खरं नव्हतं. कधीकधी गाडीत बसल्यावर ती घरापर्यंत एक शब्द बोलायची नाही. त्याला कळायचं. एकदा सांगून टाकावं असंही वाटायचं. पण पुढच्या मेळ्यात सगळी टेबलं त्याच्याकडे माना वळवायची आणि त्याला ते फार आवडायचं.

ग्लेंडाने डोळे पुसले. "आज तिचंच लिहू या," ती म्हणाली. "तिचं नाव घालून. तिला खरं काय आवडायचं, ते सांग. कसं लागायचं तिला?"

व्हर्ननने तोंड उघडलं. धूर, जायफळ, करपलेलं लोणी, हे सगळं त्याच्या जुन्या भटारखान्याच्या आठवणीतलं होतं, त्याचं स्वतःचं. तिचे आकडे त्याला पाठ होते. एकेका खिडकीचे, एकेका वर्षाचे.

"आकडा कळला की माझं काम व्हायचं गं," तो म्हणाला. "कसं लागलं, हे मी तिला कधी विचारलंच नाही."