अर्धा तारा

रामवाडीच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात बाबांनी हातानं घडवलेल्या गणपतीचा डावा कान उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर रुंद होता. मूर्तीला ओलं फडकं गुंडाळता गुंडाळता मी त्यांना स्फोट होणाऱ्या ताऱ्याचं माझं गणित सांगितलं. संगणकाचा वेळ वाचावा म्हणून मी अर्ध्याच ताऱ्याचं गणित केलं होतं आणि उरलेला अर्धा आरशातल्यासारखा जोडला होता. पीएचडीच्या माझ्या सरांसोबत त्यावर लिहिलेल्या पेपरमुळे मला नोकरी मिळाली. पुढे पूर्ण तारा घेतला, तेव्हा एका बाजूनं जास्त द्रव्य उडालं आणि गाभा उलट दिशेला फेकला गेला; पेपरात तो जागेवरच राहिला होता. ते उत्तर तीन वर्षं मी सरांपासून लपवलं. बाबा सोंडेवरून बोट फिरवत म्हणाले, "असा अर्ध्यावरनं अर्धा गणपती काढलास, तर सोंड कुठं वळवशील गो?" मी हात पुसून सरांना फोन लावला. "सर, आपला पेपर मागे घेऊ या."